जिऊच्या काठी मांडलेलं पान

रुमानियन भाषेत टेबलाला मासा म्हणतात. लेक बुखारेस्टला नोकरीला लागली त्या वर्षी तिनं हे फोनवर सांगितलं आणि पुढचे दोन महिने आमच्या घरात डायनिंग टेबलाचं नाव मासा होतं. "मासा पुसून घे", "मासावरचा पसारा उचल". घर शाकाहारी, पण काय करणार. मग कळलं की त्या भाषेत जेवणालाही मासाच म्हणतात. त्याचं मात्र नवल वाटलं नाही. पान वाढलंय असं आपण म्हणतो तेव्हा झाडाचं पान कुणाच्या डोळ्यांसमोर असतं?

तर त्या देशात तर्गु जिऊ नावाचं गाव आहे आणि तिथं जिऊ नदीच्या काठी 'मासा तचेरी' आहे. मौनाचं टेबल. दगडी, गोल, भोवती बारा दगडी बैठका. शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुसीनं ते १९३८ मध्ये पुरं केलं. आपण ब्रांकुसी म्हणतो, तिथले लोक ब्रिंकुश म्हणतात, शेवटचा श पुटपुटल्यासारखा. मला ते टेबल बघायचं होतं, आणि त्याचं कारण रुमानियातलं नव्हतं. इंदूरचं होतं.

आम्ही मूळचे इंदूरचे. पुण्याच्या लोकांना आमचं मराठी हिंदीच्या फोडणीचं वाटतं, वाटो. आजोबा होळकर सरकारात हिशेबाच्या खात्यात कारकून होते. यशवंतराव महाराजांचा विषय निघाला की "मोठ्यांचं मोठं" एवढं म्हणून ते पेपर उघडायचे. एकदाच, मी कॉलेजात असताना, माणिकबागेवरून रिक्षानं जाताना म्हणाले, "इकडं कुठंतरी देऊळ व्हायचं होतं. देव नसलेलं. नाही झालं." रिक्षा पुढं गेली, विषयही गेला.

देव नसलेलं देऊळ म्हणजे काय, हे उलगडायला मला वीसेक वर्षं लागली. इंदूरचे हे यशवंतराव दुसरे, १९२६ मध्ये गादीवर आले तेव्हा मिसरूड फुटलेला मुलगा. माणिकबागेचा राजवाडा त्यांनी एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला, आणि सगळं सामान काच-पोलादाचं, त्या काळात युरोपातही नवं वाटावं असं. राणीसाहेब संयोगितादेवी, कागलच्या घाटग्यांच्या. या दोघांनी पॅरिसमध्ये ब्रांकुसीचा 'अवकाशातला पक्षी' बघितला. पक्षी म्हणायचं, पण त्याला ना चोच ना पंख, नुसती वर झेपावणारी एक पात. महाराजांनी पितळी झळाळीचा ब्राँझचा पक्षी घेतला, मग एक काळ्या संगमरवराचा आणि एक पांढऱ्या संगमरवराचा सांगितला. आणि या तिघांसाठी एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. आत पाण्याचा चौकोनी हौद, हौदाभोवती तीन पक्षी, वरून उतरणारा उजेड. मूर्ती नाही. आजोबांचं देव नसलेलं देऊळ ते हेच.

१९३७ मध्ये संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. ऐन विशीत. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रांकुसी बोटीनं हिंदुस्थानात यायला निघाला, १९३८ च्या जानेवारीत इंदुरात होता, आणि देवळाची एक वीटही न रचता परतला. पक्षी पुढं होळकरांकडून गेले. दोन संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात. ब्राँझचा कॅलिफोर्नियात, पासाडेनाला. इंदुरात त्यातलं काही नाही. हौदाचं पाणी तर कधी भरलंच नाही.

मी जवळजवळ पन्नाशी गाठली तोवर हे सगळं गोळा झालं होतं. मग लेकीकडं गेले तेव्हा पहिल्या आठवड्यातच म्हटलं, मला तर्गु जिऊला ने.

तिनं आधी बुखारेस्टचं राष्ट्रीय कलासंग्रहालय दाखवलं. जुन्या राजवाड्यात आहे ते. मी भिंतींवर नदी शोधत होते, का कुणास ठाऊक. परदेशात गेलं की आधी नदी बघावी ही सवय. ग्रिगोरेस्कूच्या चित्रांतल्या बैलगाड्या भेटल्या, फुफाट्यातून संथ निघालेल्या, आणि क्षणभर वाटलं की हा तर देवासचा रस्ता. पेत्राश्कूचं व्हेनिस भेटलं, रंग इतका दाट थापलेला की कालव्याचं पाणी सुरीनं कापून वाढता यावं. पाल्लादीनं कितीतरी वर्षं पॅरिसमध्ये काढली, तेव्हा त्याचं पाणी सेन नदीचं. तोनित्सा आणि त्याच्या पिढीतले कितीतरी जण उन्हाळ्यात बालचिकला जायचे आणि काळ्या समुद्राचा काठ रंगवायचे. ते गावही १९४० मध्ये रुमानियाकडून बल्गेरियाकडं परत गेलं. घरच्या नदीचं एखादं शांत चित्र माझ्या हाती लागलं नाही. असेलही एखाद्या दालनात. माझे गुडघे दुखत होते.

क्रायोव्हाहून उत्तरेला जाणारी गाडी धरली. जिऊ उलट्या दिशेनं येते, डोंगरातून. पेत्रोशानीच्या बाजूला तिचे दोन फाटे एकत्र होतात, मग परिंग आणि वल्कान या डोंगररांगांमधली घळ कापत ती खाली उतरते, तर्गु जिऊला मैदानात येते आणि शेवटी डॅन्यूबला मिळते. एकूण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आतच. आपल्या भीमा-गोदावरीपुढं लहानच. वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी. तिथला कोळसा धुतलेलं पाणी नदीत यायचं आणि कितीतरी वर्षं जिऊ काळी वाहायची. आता बहुतेक खाणी बंद पडल्या आणि पाणी निवळलं. नदीला बरं झालं, खाणीवाल्यांचं काय झालं ते वेगळं.

खान नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला काळ्या पाण्याचं काही वाटत नाही. इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्या बघितल्यात का? होळकरांची स्मारकं, सुरेख कोरीव काम, आणि शेजारून वाहणारी खान. आता पाट्यांवर कान्ह लिहितात. आमच्या लहानपणी तिथून जाताना रुमाल नाकाशी धरायची पद्धत होती. छत्री बघायची तर श्वास रोखून. तेव्हा नदीकाठचं स्मारक म्हटलं की माझ्या मनात आधी वास येतो, मग दगड.

तर्गु जिऊला पोचलो तेव्हा नुकताच पाऊस येऊन गेला होता. ऑक्टोबर. बागेत झाडांची पानं पिवळी, वाट ओली. लेक पुढं, मी मागं. आणि मग ते समोर आलंच, काही वाजतगाजत नाही. झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक जाड दगडी चकती, तिच्याखाली तेवढीच जाड दुसरी. उंची साधारण कमरेएवढी. वरच्या चकतीचा व्यास दोन मीटरहून थोडा जास्त. जात्याच्या दोन तळ्या अवाढव्य करून ठेवाव्यात तसं. भोवती बारा बैठका, डमरूच्या आकाराच्या, म्हणजे दोन अर्धगोल पाठीला पाठ लावून.

फोटोत जे कळत नाही ते तिथं कळलं: बैठका टेबलापासून लांब आहेत. बसलं तर हात पोचणार नाही. जेवायला म्हणून ही मांडामांड केलेलीच नाही. दोन बैठकांमध्येही अंतर, शेजारच्याच्या कानात काही बोलावं तर उठूनच जावं लागेल. बसायची तशी मनाईच आहे. मी नुसतं वाकून बघायला लागले तर लांबून रखवालदारानं तर्जनी हलवली. आपल्या देवळातल्या पुजाऱ्यासारखी, रागानं नाही, सवयीनं.

मग उभ्यानंच बघितलं. दगड चुनखडीचा, फिकट, मुंबईच्या बेसाल्टसारखा घट्ट नाही. त्याला बारीक बारीक भोकं. पावसाचं पाणी त्या भोकांत साचलेलं. आणि वरच्या चकतीवर, अगदी कडेला, पाण्याचा एक पातळ पापुद्रा राहिला होता, तळहाताएवढा. त्यात वरच्या झाडाची एक फांदी दिसत होती. एक मुंगी त्याच्या काठाकाठानं चालली, थांबली, मागं वळली. वारा आला की फांदी विरायची, गेला की पुन्हा जुळायची. मी किती वेळ तिथं होते कोण जाणे. लेकीनं मागून कोपर धरला तेव्हा ती फोनवर दोन मिटिंग उरकून आली होती.

"काय दिसतंय एवढं?"

"पान मांडलंय," मी म्हटलं. "जेवणारे यायचेत."

ती हसली नाही. तिच्या बाबांचं वर्षश्राद्ध मागच्याच वर्षी झालं होतं.

इथं सांगायला हवं की हे सगळं स्मारक आहे, आणि कशाचं ते टेबलाकडं बघून कळत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या ऑक्टोबरात, जर्मन सैन्य जिऊच्या घळीतून खाली उतरलं आणि नदीच्या पुलापाशी आलं. गावात फौज नव्हतीच म्हणावी अशी. पोलीस, म्हातारे, बाया, शाळकरी बालवीर पोरं, जे होते ते पुलावर उभे राहिले आणि त्या दिवशी शत्रूला पूल ओलांडू दिला नाही. पुढच्याच महिन्यात तो मुलूख पडला तो पडलाच. पण तो दिवस गावाच्या लक्षात राहिला. वीस वर्षांनी गोर्ज जिल्ह्यातल्या महिला संघानं त्या लढाईतल्या मृतांसाठी काहीतरी उभारायचं ठरवलं. अध्यक्ष अरेतिया तातारेस्कू. त्यांनी ब्रांकुसीला बोलावलं, कारण तो तिथलाच, जवळच्या होबित्सा गावचा. १८७६ चा जन्म, खेड्यातलं पोर, क्रायोव्हाच्या कलाशाळेत शिकलं, मग बुखारेस्ट, मग पॅरिस. त्यानं या कामाचा मोबदला घेतला नाही.

सैनिकांचं स्मारक म्हटलं की बंदूक, घोडा, झेंडा, खाली नावं. ब्रांकुसीनं यातलं काही केलं नाही. एकही चेहरा नाही, एकही नाव नाही. त्यानं नदीकाठी टेबल ठेवलं. तिथून एक सरळ रेघ ओढली, गावाच्या पोटातून, सव्वा-दीड किलोमीटर लांब. त्या रेघेवर आधी दगडी बैठकांची वाट, मग 'चुंबनद्वार', मग गावातलं चर्च, आणि पार पलीकडच्या टोकाला 'अनंत स्तंभ'. चुंबनाचं एक शिल्प, दोन आकृत्या एकमेकांना बिलगलेल्या, त्यानं फार आधी पॅरिसमध्ये मोंपार्नासच्या दफनभूमीत एका तरुण मुलीच्या थडग्यावर बसवलं होतं. तेव्हा चुंबन म्हटलं तरी विषय एकच.

टेबलाचे अर्थ लोकांनी भरपूर लावलेत. बारा बैठका म्हणजे येशूचे बारा शिष्य, बारा म्हणजे बारा महिने, डमरूचा आकार म्हणजे वाळूचं घड्याळ. असतील. मला त्यांच्यातल्या 'पोमाना'चा अर्थ सगळ्यांत जवळचा वाटला. मेलेल्या माणसाच्या नावानं लोकांना जेवू घालायची तिथं रीत आहे. उकडलेल्या गव्हात साखर-अक्रोड घालून 'कोलिवा' करतात आणि वाटतात. लेकीच्या घरमालकिणीनं एकदा दिला होता. मी चव घेतली आणि थांबले. ही तर आपली गव्हाची खीर, फक्त कोरडी. आपल्याकडं पितरांचं पान वाढतात, घराबाहेर ठेवतात, आणि मग सगळे जण लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. त्या वाट बघण्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. कुणी बजावलेलं नसतं, तरी बोलत नाही. टेबलापासून लांब ठेवलेल्या बैठकांचं अंतर मला तेवढंच वाटलं: पान आणि माणसं यांच्यात त्या वेळी जेवढं असतं तेवढं.

आम्ही रेघेवरून चालत गेलो. चुंबनद्वारात लेकीनं माझा फोटो काढला, तो भयंकर आलाय. चर्चपाशी रस्ता अडल्यासारखा होतो, वळसा घालून पुढं. गाड्या, औषधांची दुकानं, शाळा सुटलेली पोरं. हे मला आवडलं, स्मारकाच्या पोटात गाव चालू आहे. आणि शेवटी तो स्तंभ, २९ मीटरहून उंच, बिडाचे मणी एकावर एक ओवल्यासारखा. पंधरा पुरे आणि दोन टोकांना अर्धे. मणी ओतले ते पेत्रोशानीच्या कारखान्यात, म्हणजे त्याच जिऊच्या वरच्या काठाला. वरचा अर्धा मणी कुठं संपत नाही, पुढचा मणी डोळेच ओवत राहतात. मोठं काम आहे, खोटं कशाला सांगू. पण माझी मान दुखली आणि मन मागं टेबलापाशी होतं.

चालताना एक हिशेब डोक्यात चालू होता, आजोबांकडून आलेली खोड. स्तंभ उभा राहिला तो १९३७ च्या नोव्हेंबरपर्यंत. मग ब्रांकुसी हिंदुस्थानात. मग १९३८ च्या उन्हाळ्यात परत तर्गु जिऊला, टेबलाचं आणि बैठकांचं काम पुरं केलं, आणि २७ ऑक्टोबर १९३८ ला सगळ्याचं उद्घाटन. म्हणजे स्तंभ आणि मौनाचं टेबल यांच्या मध्ये इंदूर आहे. एका तरुण राणीचं सुतक, न बांधलेलं देऊळ, न भरलेला हौद, आणि मग हा गोल दगड. यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. टेबलाची कल्पना त्याच्या मनात आधीपासून होतीच. पण इंदूरच्या माणसाला एवढं तरी म्हणू द्या, की परतताना त्याच्या सामानात काहीतरी रिकामं होतं.

आणखी एक योगायोग. ही सगळी मांडणी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली ती २०२४ च्या जुलैत, आणि समितीची ती बैठक भरली होती दिल्लीत. त्याच बैठकीत आसामातल्या आहोम राजांच्या समाधी-टेकड्याही यादीत आल्या. दिल्लीहून इंदूर काही लांब नाही. असो.

संध्याकाळी परत टेबलापाशी आलो. लेक म्हणाली, "नदी कुठंय पण?" खरंच की. दिवसभर नदीकाठी होतो आणि नदी बघितलीच नव्हती. टेबलामागं नदीचा बांध आहे, त्यानं ती झाकलेली. महेश्वरला अहिल्याबाईंच्या छत्रीपासून घाटाच्या पायऱ्या थेट नर्मदेत उतरतात. आपल्याकडं नदीकाठचं बांधकाम म्हणजे पाण्यात पाय सोडायची सोय. इथं उलटं. रेघ पाण्यापाशी सुरू होते आणि पाण्याकडं पाठ करून गावात शिरते. ज्या पाण्यावरून लढाई झाली ते पाठीशी आणि समोर पान मांडलेलं. मला वाटतं, नदी समोर असती तर माणसं नदीच बघत बसली असती.

मी एकटी बांध चढले. लेकीचे बूट चांगले होते, ती खालीच थांबली. वर गेल्यावर वारा लागला आणि जिऊ दिसली: रुंद, करडी, जवळजवळ न हलणारी, पलीकडच्या काठावर झाडं आणि त्यांच्यावर उतरत आलेलं ऊन. वास कसलाही नाही. बांधाच्या उतारावर एक आजोबा गळ टाकून बसले होते, शेजारी प्लास्टिकची बादली, डोक्यावर मेंढीच्या केसांची टोपी. मी हसले, तेही हसले. काहीतरी बोलावं म्हणून मी बादलीकडं बोट केलं आणि तोंडातून आपसूक मराठी निघालं.

"मासा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. गळ एका हातात धरला, दुसरा हात खांद्यावरून मागं नेला आणि बांधाच्या पलीकडं, मी आले होते त्या बाजूला दाखवत, वाट चुकलेल्या प्रवाशाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, "मासा? अकोलो."

अकोलो म्हणजे तिकडं. बादलीत एकही मासा नव्हता.